ढालीतला नावाडी

आमच्या बाबांना शहरात कुणी नावानं ओळखत नाही, ‘ढालवाले’ म्हणतात. सरकारी चिन्हशाळेत चाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. प्रांताची ढाल रंगवली. कोर्टाच्या कमानीवर, पाणीखात्याच्या फाटकावर, बसच्या पोटावर, शाळेच्या दाखल्यावर जी ढाल दिसते, ती त्यांच्या हातची, नाहीतर त्यांच्या नमुन्यावरून छापलेली. लोकांना वाटतं, असली चिन्हं आभाळातून पडतात. पडत नाहीत. कुणीतरी पाठीला पोक येईपर्यंत ती रंगवत बसतं, आणि त्या माणसाच्या घरी काय चाललंय हे विचारायला कुणाला सवड नसते. मलाही नव्हती, आणि मी तर त्यांची मुलगी, त्याच चिन्हशाळेत शेजारच्या टेबलावर पाट्यांची अक्षरं काढणारी.

आधी कामाची रीत सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. ढालीचं खरं चित्र असं कुठेच नसतं. असतं ते वर्णन, चार ओळींचं, कायद्यात लिहिलेलं. त्या शब्दांत बसेल असं काहीही काढा, ते बरोबर. सिंह म्हटलं की सिंह हवा. तो हडकुळा की गुबगुबीत, ही चित्रकाराची मर्जी. शेजारच्या प्रांताच्या ढालीतला बैल बघा, आपल्याला वेडावल्यासारखी जीभ काढून उभा आहे. वर्णनात ‘जीभ लाल’ एवढंच लिहिलंय, बाहेर काढा असं कुणी सांगितलं नव्हतं. आणि ढालीचं उजवं-डावं म्हणजे बघणाऱ्याचं नव्हे, ढाल धरून मागे उभा असतो त्याचं. नव्या माणसाला बाबा हे पहिल्या दिवशी सांगायचे आणि तो महिनाभर चुकायचा.

पूर्वी आमच्या ढालीवर ससाणा होता. ज्या सरदाराचा तो पक्षी, त्याचं घराणं कधीच मातीला मिळालं, पण ससाणा आपला दीडशे वर्षं कचेऱ्यांवर बसून. मग नदीच्या दोन तीरांवरचे दोन प्रांत एक झाले आणि नव्या ढालीसाठी समिती बसली. समिती एकदा बसली की उठते थोडीच? अलीकडच्यांना बुरूज हवा, पलीकडच्यांना पाणी. एक सभासद तर आमच्याकडची बदकं प्रसिद्ध आहेत म्हणून तीन बैठका अडून राहिले. शेवटी ठरलं ते असं: वर बुरूज, खाली तीन लाटा, लाटांवर नाव, नावेत वल्हं घेऊन उभा नावाडी, आणि दोन्ही बाजूंना ढाल सावरणारे बगळे. बुरूज म्हणजे राखण. लाटा म्हणजे तीन नद्या. बगळे म्हणजे धीर, कारण ते तासन्‌तास हलत नाहीत. नावाडी म्हणजे दोन तीर जोडणारा.

हे वर्णन चिन्हशाळेत आलं तेव्हा माझा दादा नदीत नाहीसा होऊन चार महिने झाले होते.

दादा पाण्याचे मीटर बसवायचा. पलीकडे कामावर निघाला होता, मध्यावर नाव उलटली. एकोणीस माणसं होती. सोळा पोहत आली, दोघांची प्रेतं मिळाली, एक मिळालाच नाही. तो एक आमचा. त्याच्या लग्नाला चौदा महिने झाले होते. बाबांनी पेपरात दोनदा फोटो दिला, खालच्या अंगाच्या सगळ्या घाटांवर आम्ही विचारून आलो, आणि मग घरात त्याच्याबद्दल बोलणंच बंद झालं. भांडण नाही, रडारड नाही. त्याचा कंगवा आरशापाशी पडून राहिला आणि त्याच्या आजूबाजूनं आम्ही धूळ पुसत राहिलो.

नव्या ढाली लागल्या आणि आईचं विचित्र सुरू झालं. ती एकाएकी कचेऱ्यांत जायला लागली. काम काही नाही, उगाच. परत आली की भाजी निवडता निवडता म्हणायची, आज तो पाणीखात्यात होता, ऊन लागत होतं त्याला. कधी म्हणायची, टपालात बघितला, जरा फिका पडलाय. मी तिला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, तिनं त्या कुंडीत टाकल्या. बाबांना सांगावं तर ते मूग गिळून बसायचे. मला वाटायचं, ह्या माणसाला काळीज आहे की नाही?

सगळ्यात हाल वहिनीचे. ती माहेरी गेली नाही, आमच्याकडेच राहिली, शिवणकाम करायची. आईचं हे बोलणं ऐकून ऐकून तीही रस्त्यानं जाताना मागे वळून बघायला लागली. एकदा कपडे वाळत घालताना तिनं मला हळूच विचारलं, आई खरंच बघतात का ह्यांना? मी तिच्यावरच खेकसले. भीती वाटली की मी खेकसते, तो माझा स्वभाव आहे.

सहाव्या वर्षी भूगोलाचे मास्तर आले. पोरांना ढालीचा अर्थ समजावून सांगायचा म्हणून ते चिन्हशाळेत बाबांना भेटायला आले होते, आणि वहिनी आमचा डबा घेऊन आली होती. पुढे त्या मास्तरांना ढालीच्या इतक्या शंका यायला लागल्या की विचारू नका. बगळ्यांवरच ते चार वेळा आले. वहिनी चौतिशीला आलेली, मास्तर विधुर, दोघांनाही एकमेकांशी बोलताना शब्द सापडायचे नाहीत. मी एका दुपारी वहिनीला समोर बसवून स्पष्ट विचारलं. ती म्हणाली, मला हवंय, पण मी कुणाची कोण आहे तेच मला माहीत नाही.

ते ठरवणारा कागद एकच. बेपत्ता माणूस मेला असं धरायला काही वर्षं जावी लागतात, ती गेली होती. मृत्यूच्या दाखल्यावर तीन सह्या लागतात, बायकोची, बापाची आणि आईची. तिसरी सही झाली नाही तर वहिनी जन्मभर अशीच टांगणीला.

नोंदणी कचेरीत आम्ही चौघं गेलो. आधी बाबांनी सही केली. करताना कागदाचा वरचा भाग त्यांनी तळहातानं झाकून धरला होता. मला ते दिसलं, पण कळलं नाही. मग कारकुनानं कागद आईपुढे सरकवला. आईनं चष्मा लावला, वाचलं, आणि कागदाच्या डोक्यावर छापलेल्या ढालीवर बोट ठेवलं.

“अहो, हा इथे उभा आहे,” ती कारकुनाला म्हणाली, “आणि खाली तुम्ही लिहिलंय मेला म्हणून. मी सही करू कशावर?”

कारकून हसायला लागला, आणि आईचा चेहरा बघून गप्प झाला. मी वाकून बघितलं. बोटाच्या पेराएवढी ढाल, तिच्यात तांदळाएवढा नावाडी. हनुवटी वर, भार एका पायावर, डावा खांदा उतरलेला. हत्यारांची पिशवी वाहून वाहून दादाचा खांदा असाच उतरला होता. दारात तो असाच उभा राहायचा. आठ वर्षं मी त्या नावाड्याच्या खाली ‘कार्यालय’ आणि ‘प्रवेश बंद’ लिहीत होते, आणि मला माझा भाऊ दिसला नव्हता.

वहिनीनं कागद जवळ ओढला, डोळ्यांशी नेला. मग माझ्या कानाशी म्हणाली, मला ह्यात हे दिसत नाहीत हो. आणि तिला त्याचीच लाज वाटली. चौदा महिन्यांत माणूस असा कितीसा पाठ होतो? आम्ही सहीशिवाय परतलो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुसऱ्या दिवशी चिन्हशाळेत सगळ्यांदेखत मी बाबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. ते एक पाटी रंगवत होते, नावाडी तेवढा बाकी होता. नावाडी ते नेहमी शेवटी काढायचे, सगळ्यात बारीक कुंचल्यानं, श्वास धरून. इतकी वर्षं मला तो कामातला नेमकेपणा वाटत होता.

“वर्णनात नावाडी आहे,” ते मान वर न करता म्हणाले. “कुणासारखा ते लिहिलेलं नाही.”

“म्हणून तुम्ही त्याला काढलात?”

“पेपरात फोटो दिला होता. तिसऱ्या दिवशी त्या पेपरात लोक चपला बांधतात. ढाल कुणी फेकत नाही. म्हटलं, डोक्याला मार लागून कुठे पडला असेल, कुठल्याही गावात असेल, कुणीतरी ओळखेल.”

“ओळखलं कुणी?”

“तुझ्या आईनं. पहिल्याच दिवशी.”

मी विचारलं, मग बोललात का तिच्याशी. ते म्हणाले, काय बोलणार? दोघांना माहीत होतं आणि दोघं आठ वर्षं एका छपराखाली गप्प. मी बोलायला गेले होते एक आणि तोंडातून भलतंच गेलं. म्हटलं, तुम्ही हरवलेल्या माणसाची जाहिरात लावलीत आणि ती काढायची विसरलात, आणि त्या जाहिरातीखालून वहिनीनं रोज बाजारात जायचं. बाबांनी कुंचला पाण्यात बुडवला. मला माझाच राग आला.

त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज टाकला, की छपाईचा ठसा झिजला आहे, नवा नमुना करावा लागेल. खोटं नव्हतं, बगळ्यांचे पाय खरंच गेले होते. मंजुरी आली. बुरूज, लाटा, बगळे त्यांनी दोन दिवसांत उरकले. नावाड्याला तीन आठवडे घेतले. तेवीस कागद झाले. कधी मिशा दिल्या, कधी फेटा, एकदा म्हातारा केला. म्हातारा केलेला सगळ्यात भयंकर होता, कारण तो म्हातारा झालेला दादा होता. शेवटी त्यांनी कुंचला उलटा करून माझ्यापुढे धरला. म्हणाले, तू काढ, माझ्या हाताला दुसरं माणूस येत नाही.

मी अक्षरं काढणारी. तरी काढला. आमच्या शिपायाला समोर उभा करून अगदी त्याच्यासारखा काढला, पोटासकट. काम चांगलं झालं होतं. पण बाबांनी बघितलं आणि विचारलं, हा कोण? तेव्हा लक्षात आलं की आईही हेच विचारणार. परका माणूस नावेत दिसला तर तिच्या लेखी आम्ही दादाला उचलून पाण्यात टाकला. ती मरेपर्यंत सही करायची नाही.

मी रात्रंदिवस ते वर्णन डोक्यात घोळवत होते. नावेत वल्हं घेऊन उभा. तोंड कुठे करून उभा, ते लिहिलेलंच नाही. सकाळी आल्या आल्या मी दादाच काढला, तोच भार, तोच खांदा, फक्त पाठमोरा. नाव पलीकडे निघालेली, तो पलीकडे बघतोय. काढताना मी खूप रडले, हे सांगून टाकते. कागदावर पडू नये म्हणून मान मागे करून रडत होते.

बाबांनी कागद उजेडात धरला. वल्ह्यावरची मूठ जरा सैल कर, एवढंच म्हणाले. मी केली. तपासणाऱ्या साहेबांनी वर्णनाशी ताडून बघितलं, शब्द न्‌ शब्द जुळला, शिक्का मारला.

नवे कागद कचेरीत यायला पाच महिने गेले. तोवर मास्तर रविवारी येऊन बसायचे आणि पावसापाण्याबद्दल बोलून जायचे. आईला आम्ही काहीच सांगितलं नाही. नेऊन पुन्हा त्याच खुर्चीत बसवलं. तोच कारकून होता. बाबांची सही झाल्यावर त्यानं कागद तिच्यापुढे ठेवला आणि स्वतःच नजर दुसरीकडे वळवली.

आईनं ढालीकडे बघितलं. चष्मा काढून पुसला, परत लावला. वहिनीनं माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती. बाबा उठून खिडकीशी गेले.

“निघाला,” आई म्हणाली, आणि पेन मागितलं.

सही तिनं नीट, पूर्ण नाव लिहून केली. तारखेची जागा रिकामी होती. कारकुनानं नाव उलटली त्या दिवसाची तारीख लिहायला घेतली, तर आईनं त्याच्या हातावर हात ठेवला.

“ती नको. आजची लिहा. आजपर्यंत होता तो.”

कारकुनानं नियमाचं पुस्तक उघडलं. नदीनं न दिलेल्या माणसाला दोन्ही तारखा चालतात, निघाला त्या दिवसाची किंवा ठरवलं त्या दिवसाची. त्यानं आजची लिहिली. मग वहिनीनं सही केली, आणि आठ वर्षांत आईसमोर जी कधी रडली नव्हती ती तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होती, आता जा तू, आता कुणी बघत नाही.

वहिनीचं लग्न झालं. मास्तर भले आहेत. आई कचेऱ्यांत जात नाही. बाबा निवृत्त झाले, जुन्या पाट्यांच्या जागी लागणारा नावाडी आता मी काढते, आठवड्याला दहा-बारा. सगळे म्हणतात, तू घर सोडवलंस. असेल. पण दाखल्यावर जी तारीख आहे त्या दिवसापर्यंत माझा भाऊ जिवंत होता, आणि त्याला पाठमोरा मी केला.