कवळीतला पाळणा

माझे बाबा घराच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवायचे. अर्ध्या गल्लीचं हसू त्यांच्या हातचं होतं. त्यांचा जीव मात्र काचेच्या टाकीतल्या मिशाळ मांजरमाशांत. आजी, म्हणजे त्यांच्या सासूबाई, त्या माशांना ‘जावईबापूंचे आयतोबा’ म्हणायची.

मांजरमासे स्वतःचीच अंडी गिळतात, आणि वाचतील त्यांना बुरशी लागते. त्या वर्षी एकुलती एक मादी अंडी घालून मेली. बाबा चक्क रडले. मग त्यांनी काचेवरची ओली अंडी बोटाने अलगद सोडवून कवळी भिजवायच्या डबीत घातली, बुरशीवरचं निळं औषध टाकलं, हवेची नळी सोडली आणि येता-जाता लक्ष राहावं म्हणून डबी बेसिनवर ठेवली. शहाणपणाची कमाल!

निळं पाणी, वर बुडबुडे. आजीला वाटलं, जावयाने साफसफाईचं नवं औषध आणलं. तिने आपली कवळी आत सोडली आणि अंडी तिला चिकटून बसली.

“ओढलीत तर फुटतील, आई,” बाबा काकुळतीला आले.

“आणि रविवारी फोटोला मी बोळकं घेऊन जाऊ?”

रविवारी सगळं कुटुंब स्टुडिओत जमणार होतं. थोरली मावशीआजी, म्हणजे आजीची मोठी बहीणही येणार होती. तिचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, आणि ते ती जन्मभर आजीला दाखवत आलेली. बाबांनी घाईने दुसरी कवळी केली, पण ती तोंडात खडखडायची.

आजी दुधात पाव बुडवून खायची, शिव्या घालायची आणि उठून डबीत डोकावायची. “दाढेवरचं अंडं पांढरं पडलंय. आधी ते काढा, नाहीतर शेजारचंही नासेल!”

रविवार उजाडला तरी अंड्यांतून पिल्लं बाहेर आली नव्हती. बाबांनी चिमटा उचलला. “तुमचे दात मोकळे करून देतो, आई.”

आजी डबीवर वाकली. अंड्यांत काळे ठिपके दिसत होते. “मेल्यांना डोळे आलेत,” ती म्हणाली. “आता यांच्या डोळ्यांदेखत कसं काढायचं? ठेवा तो चिमटा.”

आणि ती तशीच निघाली.

स्टुडिओत मावशीआजीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा मायेने विचारलं, “अगं बाई, तुझे दात कुठे गेले?”

“घरी आहेत. अंडी उबवतायत.”

मावशीआजीने आ वासला आणि नेमकं तेव्हाच फोटोवाल्याने बटण दाबलं. फोटोत ती तशीच आली आहे, बत्तीसही दातांसकट. शेजारी आजी बोळकं पसरून हसते आहे, आणि फोटोत बघावंसं वाटतं ते तिच्याकडेच.