बत्तिसावी तबकडी

अबू घायबने तीस वर्षं बुलडोझर चालवला. मूलबाळ नव्हतं, म्हणून लोकांनीच त्याला हे नाव दिलं होतं: न आलेल्या मुलाचा बाप.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात वरून तोंडी हुकूम आला होता. विषारी वायूचे बत्तीस बॉम्ब खड्ड्यात फोडा, बुजवा, कागद जाळा. त्याने तसंच केलं. आता बारा वर्षांनी परदेशी तपासनीस तेच कागद मागत होते. कागद नाहीत म्हणजे बॉम्ब लपवलेत, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेचं सैन्य हल्ल्याच्या तयारीने कुवेतमध्ये येऊन बसलं होतं.

मेजर गझवान म्हणाला, "बत्तीसच्या बत्तीस दाखव. एक कमी भरला तर तूच लपवलास, असं मी लिहून देईन."

"साहेब, लपवायला माझ्या घरात फ्रीजसुद्धा मावत नाही."

"जीभ आवर. खड्डा शोध."

वाळवंट सगळीकडे सारखंच. पण तिथे जमिनीखाली चुनखडीचा टणक थर असतो. एकदा फोडला की तो पुन्हा जुळत नाही, पाणी आत मुरतं. अबू घायबने हिवाळ्यातल्या पावसावर उगवलेली झुडपं पाहिली. एका लांबट पट्ट्यात ती गुडघाभर वाढली होती.

"इथे."

सहा दिवस उकरलं. प्रत्येक बॉम्बच्या बुडाची जाड तबकडी स्फोटातून वाचली होती. तपासनीस बाई एकेक पुसून मांडत होती. एकतीस भरल्या.

मेजर त्याच्या कानाशी आला. "मोज परत."

"मोजायचं काय? खड्ड्यात उतरायचा उतार राहिलाय. मशीन खाली नेताना एक बॉम्ब घरंगळला होता. आमच्या सुरुंगवाल्या सालेहने तो तिथेच फोडला. उतार मी शेवटी बुजवला. दोन दिवस द्या."

बाईने होकारार्थी मान डोलावली. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी तपासनीसांच्या गाड्या आल्याच नाहीत. युद्धाआधी देश सोडायला त्या विमानतळाकडे गेल्याचं रेडिओवर कळलं. मेजर ड्रायव्हरवर ओरडतच जीपमध्ये बसला. "घरी जा, अबू घायब. आता कोण मोजतंय?"

तो घरी गेला नाही. उतार दाबून बुजवलेला होता, त्याच्याच हातचा. फावड्याला दाद देईना. दुसऱ्या दुपारी फावडं लोखंडावर वाजलं. त्याने तबकडी पुसली, ओळीत शेवटी ठेवली आणि पहिल्यापासून मोजायला लागला.

बत्तीस.

रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता.