म्हणजे तुम्हाला असं वाटतं

माय गेल्यावर माझा राग काही उतरेना, म्हणून मुलीनं मला चालता चालता समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. बंद खोली नाही, खुर्ची नाही. शहराच्या टोकाला, बेसा वस्तीच्या पुढे, घरांचे लेआउट संपतात तिथल्या बाभळींमधून सकाळी तासभर चालायचं आणि बोलायचं.

पहिल्याच दिवशी मी घडाघडा बोलले. "माय गेली अन् भावानं मले समदं उरकल्यावर फोन केला. काहून? मी मेली होती का?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला असं वाटतं, की आईच्या अंत्यविधीच्या वेळी तुम्हाला डावललं गेलं."

वाटतं? माझं प्रत्येक वाक्य त्या असंच धुऊन, इस्त्री करून मला परत देत होत्या. माझ्या मायची त्यांनी आई केली. भावाला तर वाक्यातूनच काढून टाकलं. आणि वर, "झाडांकडे बघा, खोल श्वास घ्या." माझं डोकं सणकलं.

तेवढ्यात त्यांच्या चपलेतून बाभळीचा काटा आरपार गेला. "माय वं!" एका पायावर नाचत त्या ओरडल्या. "भल्ला दुखून राहिलं न!"

म्हणजे बाई इथल्याच होत्या! मी काटा काढायला वाकले नाही. झाडांकडे बघितलं, खोल श्वास घेतला आणि जमेल तितक्या शुद्ध भाषेत म्हणाले, "म्हणजे तुम्हाला असं वाटतं, की पायात काहीतरी रुतलं गेलं."