देवीच्या वातींचा कापूस

देवीवर माझा विश्वास होता, पण त्या सकाळी तो डळमळला, हे आधीच सांगते. सातव्याच महिन्यात मी बाळंत झाले. पोरगं एवढंसं, की आमच्या यांच्या ओंजळीत मावलं. रडेना, दूध ओढेना, पौषातल्या थंडीनं निळं पडत चाललेलं. सुईण म्हणाली, "कापसात गुंडाळा त्याले, नाही तं हातचं जाईन."

अकोल्याजवळच्या काळ्या रानात, कापूस पिकवणाऱ्याच्या घरी कापसाला काय तोटा? पण अमेरिकेत कुठंशी लढाई लागलेली आणि तिच्यापायी इकडे कापसाला सोन्याचा भाव. आमच्या यांनी शेतातला कापूस तर विकलाच, वर गाद्या-उशाही उसवून गाडीत भरल्या. आम्ही कडब्यावर झोपत होतो! गावभर तीच तऱ्हा. हे घरोघर फिरून रिकाम्या हातांनी परतले आणि उंबऱ्यावर बसून रडू लागले.

घरात कापूस उरला होता तो एक टोपली, देव्हाऱ्यात. वेचणीच्या आरंभी शेतात सीतादही करतात, दहीभात वाहतात. तेव्हाचा पहिला कापूस सासूबाईंनी देवीच्या वातींसाठी राखलेला. पण बाळंतपणाचं सोयर लागलेलं. सासूबाई देव्हाऱ्यापुढं आडव्या उभ्या. "सोयरात देवाले हात लावसान तं खबरदार!" असं म्हणत होत्या आणि पोराकडं बघून रडतही होत्या.

तेवढ्यात अंगणातून हाक आली, "जोगवा वाढ वं माय!" अनोळखी म्हातारी, कपाळभर कुंकू. यांनी तिचे पायच धरले. सगळं ऐकून ती म्हणाली, "मले ना सोयर ना सुतक. सरका बाजूले." तिनं टोपली उचलली, जाता जाता नैवेद्याचे लाडूही. बाळाला कापसात लपेटून माझ्या छातीशी बांधलं, दुधात भिजवलेला बोळा थेंब थेंब त्याच्या ओठांत पिळला, हे सगळं लाडू खात खात. दुपारी पोर गुलाबी झालं आणि असं रडलं, की मीही रडले. म्हातारी केव्हा गेली, कळलंच नाही.

सासूबाई म्हणाल्या, देवीच होती. हे म्हणाले, "देवी एवढे लाडू खाते काय?" मला वाटतं, खात असावी.

पोर बाळसं धरून कापसात मावेनासं झालं, तेव्हा सासूबाईंनी तोच कापूस उन्हात घातला. कोणी शिवलं तरी पुन्हा आंघोळ करणारी ही बाई, पोरानं कितीदा भिजवलेल्या त्या कापसाच्या वाती वळत बसली. "तिचाच व्हय तो, तिलेच जाऊ दे," म्हणाली. मी हात जोडले. आम्ही देवीसाठी राखला म्हणत होतो, तिनं तो आमच्यासाठी राखला होता.

दिवा जरा तडतडला, पण छान जळला.