पाठमोरा कोळी

अबू सालेमनी पुन्हा मान फिरवली आणि माझी आणखी एक फ्रेम वाया गेली.

मी गुडघाभर पाण्यात ट्रायपॉड रोवून उभा होतो. समोर वाळूवर त्यांची लाकडी होडी, मागे दुबई मरीनाचे अर्धवट उभे टॉवर. एका बिल्डरच्या कॅलेंडरसाठी आमच्या एजन्सीला ‘ट्रॅडिशन अँड डेव्हलपमेंट’ असा लँडस्केप हवा होता. आर्ट डायरेक्टर हेलन, इंग्रज बाई. तिच्या स्केचमध्ये म्हातारा कोळी जाळं शिवता शिवता उदासपणे समुद्राकडे बघत होता.

अबू सालेम मात्र सारखे मागे क्रेनकडे बघत. क्रेनला लटकून काचेची तावदानं वर चालली होती.

तेव्हा कॅमेरे फिल्मचे. फोटो कसा आला ते लॅबमधून आल्यावरच कळे. म्हणून आधी पोलरॉइड, म्हणजे लगेच हातात येणारा कच्चा फोटो काढून अंदाज घ्यायचा. प्रत्येक पोलरॉइडला हेलन नकार देत होती. ऊन उतरत होतं, टॉवर धुरकट व्हायला लागले होते.

मी होडीपाशी गेलो. अबू सालेमना हिंदी छान येई. तरुणपणी ते वडिलांबरोबर गलबतातून खजूर घेऊन मुंबईला जात. समुद्राकडे बघा, अशी विनंती केली.

"समंदर तो उम्रभर देखा, बेटा," ते म्हणाले. "ये अभी देख रहा हूँ."

लिफ्ट त्यांनी पहिल्यांदा मुंबईत पाहिली होती. परत येऊन सांगितलं, तर घरात कुणाचा विश्वास बसला नाही. आता एवढ्या उंचावर पाणी कसं चढवतात, ते त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं. आम्ही त्यांच्याकडे हळहळ मागत होतो आणि ती त्यांच्याकडे नव्हतीच. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

चेहरा मिळणार नाही, असं मी हेलनला सांगितलं.

"मग जबाबदारी तुझी," ती म्हणाली.

रोल संपेपर्यंत मी त्यांना पाठमोरंच टिपलं. मांडीवर जाळं, मान वर, पलीकडे उन्हात चमकणारी काच.

क्लायंटच्या मॅनेजरने फोटो नापास केला. माणसाचा चेहराच दिसत नाही म्हणाला. तेवढ्यात मालक आत आले. ते स्वतः अमिराती. बराच वेळ बघत राहिले.

"माझे वडीलही साइटवर आले की असेच बघत बसतात. खलास, ठरलं, हाच घ्या."

मी अबू सालेमना प्रिंट नेऊन दिली. स्वतःकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. बोटाने मजले मोजत त्यांनी सांगितलं, हा फोटो जुना झाला, क्रेन आता बरीच वर गेली आहे.

तेव्हापासून कुठे बघायचं ते मी कुणाला सांगत नाही. माणूस कुठे बघतोय ते आधी बघतो आणि ट्रायपॉड हलवतो.