शेठची रिकामी लाइन

सावद्याहून जळगावला टेलिफोनच्या ट्रंक लाइनी दोनच. त्या दिवशी एक बंद होती आणि दुसरी केळीच्या एका शेठनं सकाळपासून अडवून ठेवली होती, भाव कळेपर्यंत सोडायची नाही म्हणून. इकडे माझ्या काकूला साप चावलेला! जीप जळगावला न्यायची की भुसावळला? सापाचं इंजेक्शन जळगावात आहे का, एवढंच विचारायचं होतं.

मी टेलिफोन एक्स्चेंजवर धावलो. तिथला ऑपरेटर मूळचा धुळ्याकडचा; खिडकीतूनच म्हणाला, "भाऊ, लाइन बिझी शे."

"कोण बोलतंय?"

"कोनीच नही. शेठनी शे."

मी आत घुसलो आणि स्विचबोर्डातून शेठच्या त्या रिकाम्या लाइनीची कॉर्ड उपटली. "लाव आता दवाखाना!"

इंजेक्शन होतं. काकू वाचली. वर टेलिफोन ऑफिसनं माझ्याकडूनच माफीनामा मागितला. माफीनाम्यासाठी दिलेल्या कागदावर मी गावात वाटायला माझं पहिलं पत्रक लिहिलं: लाइन गावाची आहे, शेठच्या बापाची नाही.