तात्या, लांडगे आणि कापलेला शॉट

तात्यांवर डॉक्युमेंटरी करायला गेलो आणि फिल्मपेक्षा किस्सेच जास्त हाती लागले! पिशोरच्या माळावर आजही लांडगे आहेत, ते या माणसामुळं. आम्ही तिघं संभाजीनगरचे: दिग्दर्शक वंदना, कॅमेरामन सलीम आणि माइक धरणारा मी.

*

पहिल्याच दिवशी वंदनानं तात्यांपुढं जंगलवाली हॅट ठेवली. तात्या पांढरी टोपी सोडेनात. "ती घातली तर मेंढपाळ मला साहेब समजतील, अन् खरं कुणीच बोलणार नाय!"

हॅट पुढं सलीमनंच वापरली.

*

दिवसभर माळ तुडवला, लांडगा काही दिसेना. सलीम कावला. "तात्या, लाइट जा रही! कब आता तुमारा लांडगा?"

"तो आलाय कवाच," तात्या म्हणाले. "तू गप बसायची वाट बघतोय!"

*

लांडग्यानं कोकरू नेलं की तात्या त्या घरी दुखवट्याला जातात. खरंच! मेंढपाळ सखूबाईला वंदनानं विचारलं, "लांडग्याचा राग येत नाही?"

"येतो की! पण तात्या दारात येऊन बसतात. आधी चहा ठेवावा लागतो. राग धरायला टाइम कुठंय?"

*

शेवटी शॉट मिळाला. लांडगीण, पिल्लं, मागं टेकडी! अख्ख्या फिल्ममधला एकमेव लांडगा. तात्यांनी लॅपटॉपवर पाहिला. "लई भारी. काढून टाक."

"का?" वंदनानं विचारलं.

"टेकडी वळखू येती. उद्या कुणीबी जाऊन बीळ उकरंल."

"पण तात्या, गाव आपलंच आहे ना?"

"आज हाय."

सगळं आयुष्य इथं घालवून त्यांना तेवढी खात्री नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं. वंदनानं शॉट कापला.

*

पहिला शो पिशोरच्या शाळेत. हॉल गच्च. आणि गडबडीत वंदनानं जुनीच कॉपी लावली! पडद्यावर लांडगीण, पिल्लं, टेकडी, सगळं. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून मुठीत धरली.

फिल्म संपताच शहरातून आलेला एक फोटोग्राफर उठला. "ही टेकडी नेमकी कुठं आहे हो?"

सगळ्या माना तात्यांकडं वळल्या.

सखूबाई उठली. त्याच आठवड्यात तिचं आणखी एक कोकरू गेलं होतं. पदर सावरत तिनं कन्नडकडं बोट दाखवलं. "तिकडं."

शेजारणीनं दाखवलं सिल्लोडकडं. सरपंच म्हणाले, "नाय हो, ती चिकलठाण्याला, विमानतळामागं!" मग हॉलभर हात वर झाले, आणि एकाचं बोट दुसऱ्याच्या बोटाशी जुळेना.

तात्यांनी टोपी झटकली आणि पुन्हा डोक्यावर घातली.